न सांगता घातलेला पाटा

चाचांच्या जीपला तो जादा पाटा घालायला त्यांनी मला सांगितलं नव्हतं. उलट घालू नकोस म्हणून बजावलं होतं. हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि देवापुढं हात जोडले तरी एवढं वगळूनच बोलत आलो. आता पन्नाशी उलटली, दुकान बंद करून टाकलं, आणि निदान कागदावर तरी ते एकदा सरळ लिहावं असं वाटतं.

नसरापूर फाट्यावर माझं कमानपाट्याचं काम चालायचं. गाडीच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चवड असते ती कमान, आणि तिच्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. गाडीचा सगळा बोजा त्यांच्यावर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आमच्या रस्त्यावर एसट्या थोड्या आणि काळ्यापिवळ्या जीप फार. नसरापूरहून वेल्हे, पाली, इकडं भोर. आत माणसं, मागच्या पायरीवर लोंबकळणारी माणसं, टपावरच्या कॅरिअरवर पोती आणि कोंबड्यांची डालगी, सुट्टीच्या दिवशी राजगड चढायला आलेल्या पोरांच्या पिशव्या. एवढं भरलं की जीप मागून बूड टेकायची. म्हणून जो तो कंपनीच्या कमानीत एक पाटा वाढवून घ्यायचा. मग जीप मागून उंच उभी राहायची आणि कितीही भरा, बसायची नाही. उंच झालेली गाडी वळणावर कलते, हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. पण वळणं रोजचीच होती, आणि रोज काही होत नव्हतं.

वर्षातून एकदा पुण्याला आरटीओत गाडीची तपासणी, म्हणजे पासिंग असायचं. तिथं साहेब वाकून गाडीखाली बघायचे. म्हणून पासिंगच्या आदल्या दिवशी जीपवाले माझ्याकडं यायचे, जादा पाटा काढून ठेवायचे, आणि पासिंग उरकलं की त्याच संध्याकाळी परत घालून न्यायचे. काढलेल्या पाट्यावर मी खडूनं गाडीचा नंबर टाकून तो भिंतीला उभा करायचो. परत घाल म्हणून कुणी सांगतही नसे. पासिंग झालेली जीप दारात आली की पाटा घालायचा, हे ठरलेलंच होतं.

चाचा भोरचे. जीप स्वतःची, चालवायचेही स्वतःच. पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी चाची बसायच्या, कारण पैसे गोळा करायचं काम त्यांचं. भाड्यावरून कुणी कुरकुरला की त्या म्हणायच्या, "चालत ये की मग. रस्ता फुकट हाय." फाट्यावरचे ड्रायव्हर त्यांना कंडक्टरीणबाई म्हणायचे. मला त्या हटकून विचारायच्या, "मिस्त्री, लगीन कवा करतोस? का पाट्याशीच लावून दिऊ?"

त्या वर्षी पासिंगच्या आदल्या दिवशी चाचा जीप घेऊन आले. मी खाली शिरलो, पाटा काढला, बाहेर येऊन खडू शोधू लागलो. चाचा म्हणाले, "मिस्त्री, नंबर टाकू नगंस. आवंदा परत घालायचा न्हाई."

"का हो?"

"गाडी नाचती. परवा रिकामी व्हती तरी वळणावर कुणी मागनं उचलल्यागत झालं. कंपनीनं काय दिलंय तेवढ्यावर चालवीन. त्येच्यावर आपलं शाणपण नगं."

शेजारी अजून दोन जीप लागल्या होत्या. त्यातला एक ड्रायव्हर हसला. "चाचा, चार माणसं कमी बसणार तुमच्यात. चाची उपाशी ठेवतील."

चाची सीटवरूनच म्हणाल्या, "मी कशाला उपाशी ठेवीन? तुजीच गाडी बघ, मागनं एवढी वर गेलीया की कुत्र्यानं तंगडी वर केल्यागत दिसती."

सगळे हसले. मीही हसलो. आणि चाचांनी सांगितलेलं ऐकूनही हाताच्या सवयीनं त्या पाट्यावर खडूनं नंबर टाकून तो इतरांबरोबर भिंतीला लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिन्ही जीप पुण्याहून एकदमच आल्या. चाचा म्हणाले, "मागच्या चाकाचा ब्रेक धरतोय, तेवढा सैल कर. मी च्या पिऊन येतो." सगळेच चहाला गेले. मी एकापाठोपाठ एक जीप जॅकवर घेतल्या आणि नंबर बघून तिन्हींना पाटे घातले. चाचांचा ब्रेकही सैल केला. ते परत आले, सीटवर बसले, विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

ते गेले.

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याकडं जाताना, पालीचा रस्ता फुटतो त्याच्या अलीकडं, एक वासरू आडवं आलं. चाचांनी स्टेअरिंग फिरवलं आणि जीप डाव्या अंगावर कलंडली. वेग नव्हता. आतली माणसं सांगत होती की गाडी आपटली नाही, हळूच आडवी झाली, एखादं जनावर बसावं तशी. बाकीच्यांना खरचटलं, एकाचा हात मोडला. चाची डाव्या दाराशी होत्या. दार उघडलं, त्या बाहेर पडल्या आणि जीप त्यांच्यावर आली.

ट्रॅक्टरनं ओढून जीप पोलीस चौकीच्या आवारात आणून टाकली. मी बघायला गेलो. बाकीचे काचा बघत होते, टप बघत होते. मी मात्र खाली बसलो आणि कमान पाहिली. माझा पाटा तिथंच होता, कमान धरून ठेवणारे यू-बोल्ट मी आवळले तसेच घट्ट. मी तिथंच मातीत बसून राहिलो. कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री लई जवळचा होता त्यांना." मी मान हलवली.

पोलिसांनी चाचांवरच निष्काळजीपणाचा गुन्हा लावला. ते चाचांनी सोसलं. त्यांना सोसलं नाही ते लेकीचं बोलणं. एकुलती एक लेक, किकवीला दिलेली. दफन झाल्यावर घरात माणसं बसलेली असताना ती सर्वांसमोर म्हणाली, "अब्बा, अम्मीला तुम्ही मारलंत." आणि त्यानंतर ती माहेरी आली नाही.

पुण्यातल्या एका वकिलांनी पेपरात बातमी वाचली आणि ते स्वतः भोरला आले. त्याच बनावटीच्या जीप आणखी दोन-तीन ठिकाणी अशाच, वेग नसताना कलंडल्या होत्या. त्यांचं म्हणणं होतं की ही गाडी उंचीच्या मानानं अरुंद आहे, हा बनवणाराचा दोष, कंपनीवर दावा करायचा. दावा ग्राहक मंचात लागला. कंपनीच्या वकिलानं आधी हरकत घेतली की गाडी धंद्याची, म्हणजे हा ग्राहकच नव्हे. आमच्या वकिलांनी दाखवून दिलं की हा माणूस पोटासाठी स्वतः गाडी चालवतो, तो ग्राहकच. तेवढा पहिला टप्पा चाचांनी जिंकला. त्या दिवशी ते माझ्या दुकानात आले, चाचींच्या चाळिसाव्यानंतर पहिल्यांदाच.

"मिस्त्री, माजं एक काम कर. कंपनी म्हननार की गाडीत काय तरी बदल केला आसंल. तू येऊन सांग की पाटा काढलेला व्हता. तूच काढलास न्हवं?"

त्यांना माहीतच नव्हतं. पाटा भिंतीला आहे असंच ते धरून चालले होते.

मी म्हटलं, "व्हय चाचा. येतो."

"मला भरपाईचं काय न्हाई रं. त्या निकालात एवढंच लिवून पायजे, की चूक चाचाची न्हवती. मंग मी तो कागद घिऊन किकवीला जाईन. लेकीपुढं ठिवीन."

मी त्यांना चहा दिला. तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा बोललो असतो तर दावा पडला असता, मला कदाचित पोलिसांनी नेलं असतं, पण चाचांना स्वतःबद्दल खरं काय ते कळलं असतं. मी बोललो नाही. मनात म्हटलं, गाडी गंजत पडली आहे, कोण खाली शिरतंय.

पण ते शिरले. कंपनीचे इंजिनिअर आणि वकील चौकीवर आले, आणि कमान खोलायला फाट्यावरचा मिस्त्री म्हणून पोलिसांनी मलाच बोलावलं. मी माझ्याच हातानं यू-बोल्ट सोडले आणि पाटे एकेक करून जमिनीवर मांडले. इंजिनिअर तरुण होता, बोलायला मऊ. म्हणाला, "मोजा." मी मोजले. एक जास्त.

"हा कंपनीचा नाही. कुणी घातला?"

"मी."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग सोबतच्या वकिलानं विचारलं, "मालकानं सांगितलं म्हणूनच घातला असणार ना? तुम्ही तुमच्या मनानं थोडाच घालाल."

चाचा तिथं नव्हते. चौकीचा हवालदार तंबाखू मळत होता. मी म्हटलं, "व्हय."

वकील म्हणाला, "मग तुम्ही कशाला घाबरता? तुम्ही कारागीर. सांगितलं ते केलं."

पुढं त्यांनी मला पुण्याला बोलावलं आणि एवढंच प्रतिज्ञापत्रावर टाइप करून माझ्यापुढं ठेवलं. मालकाच्या सांगण्यावरून, जास्त प्रवासी भरता यावेत म्हणून. मराठीत वाचून दाखवलं. मी सही केली. जास्त प्रवासी भरता यावेत म्हणून, हे मी बोललो नव्हतो, ते त्यांनी वाढवलं. पण मी थांबवलं नाही, तेव्हा तेही माझंच.

मंचासमोर तारीख होती त्या दिवशी चाचा आणि त्यांचे वकील आधीच आले होते. माझं प्रतिज्ञापत्र त्यांच्या हातात पडलेलं होतं. वकील माझ्याकडं बघायलाही तयार नव्हते. चाचा मात्र बाकावरून उठून माझ्यापाशी आले. मला वाटलं आता माझी कॉलर धरतील, आणि खरं सांगतो, त्यांनी धरावी असं मला वाटत होतं. धरली असती तर मी बोललो असतो.

त्यांनी माझा दंड धरला. हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, मी सांगितलं व्हतं का रं?"

मी मंचाच्या दाराकडं बघितलं.

"मला आटवत न्हाई. मला वाटतंय मी नगं म्हनलो व्हतो. पर तू खोटं कशाला बोलशील? पासिंगचा दिवस, दिवसभर उन्हात हुबा राहिलेलो. ब्रेकचं सांगितलं त्ये आटवतंय. त्याच्यासंगं बोललो आसंन का? घाल म्हनून?"

अपघाताच्या दिवशी सकाळी गाडी ताठ लागली होती, तेही त्यांनी सांगितलं. उतरून बघावं असं मनात आलं होतं, पण माणसं बसली होती. हे सांगताना ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की जणू त्यांच्या डोक्यात काय झालं ते मलाच ठाऊक, आणि मी ते त्यांना सांगून मोकळं करीन.

मी म्हटलं, "असंल, चाचा. गडबडीत बोलला असाल."

त्यांनी माझा दंड सोडला. "आसंल मग," म्हणाले, आणि परत जाऊन बाकावर बसले. आत बोलावलं तेव्हा मंचानं विचारलं त्यावर त्यांनी सांगितलं की मला आठवत नाही, पण मिस्त्री म्हणतो तर मी सांगितलं असेल. त्यांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

दावा फेटाळला गेला. अर्जदारानं स्वतः वाहनात बेकायदेशीर बदल करून घेतला, सबब उत्पादकास जबाबदार धरता येणार नाही. बाहेर चाचांचे वकील मला म्हणाले, "तुमच्या त्या एका सहीनं फक्त यांचा दावा गेला नाही. आता ही कंपनी जिथं जिथं गाडी उलटेल तिथं हा निकाल नेऊन दाखवेल." ते बोलले ते खरं झालं असावं. त्यांनी हाताळलेला दुसरा एक दावाही पुढं पडला, असं कानावर आलं. तिथल्या जीपला जादा पाटा होता की नव्हता, मला माहीत नाही.

वर मी लिहिलं ते वाचून पाटा हाताच्या सवयीनं घातला गेला असं वाटेल. ते अर्धंच खरं आहे. भिंतीपासून उचलला तो सवयीनं, हे खरं. पण शेवटचा नट आवळताना मला आठवलं. चाचांचं बोलणं आठवलं, कुत्र्याची तंगडी आठवली, आणि मी पाना हातात धरून जीपखाली तसाच पडून राहिलो. पुन्हा सगळं सोडायचं, कमान उतरवायची, पाटा काढायचा, परत जोडायची. अंधार पडत आला होता. माझी पाठ दुखत होती. आणि मी मनाला समजावलं की म्हातारा उगाच भितोय, गाडी ताठ चाललेली बघून उद्या खूशच होईल. म्हणून "झालं" म्हटलं. विसरलो नव्हतो. कंटाळा केला होता.

जीप पाट्यामुळंच उलटली का, हे आजही मला माहीत नाही. पुढं काही वर्षांनी त्याच कंपनीची नवी जीप दुकानात आली तेव्हा मी आधी खाली शिरून बघितलं. चाकं जुन्या जीपपेक्षा बाहेर सरकवलेली होती, गाडी बसकी होती. त्यावर कुठं काही छापून आलं नाही, कुणी काही कबूल केलं नाही. बघून मला क्षणभर हलकं वाटलं, की दोष त्यांचाही होता तर. मग त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली. कारण दोष त्यांचा असेल, तर चाचांचा दावा खरा होता, आणि खरा दावा मी पाडला. दोष पाट्याचा असेल, तर तो पाटा माझा. कुठल्याही बाजूनं बघा, चाचांच्या वाट्याला त्यातला दोष येत नव्हता, आणि निकालात मात्र ते एकटेच दोषी होते.

फौजदारी खटल्यात पुढं साक्षीदारांनी वेग नव्हता असंच सांगितलं आणि चाचा सुटले. पण त्यांनी गाडी पुन्हा चालवली नाही. भोरच्या स्टँडबाहेर एका दुकानाच्या पायरीवर बसायचे. मी त्या बाजूनं जाणं टाळायचो, पण नजर पडली की तेच हाक मारायचे, "ये मिस्त्री, च्या घे." एकदा तिथं बसलेल्या एकानं मला टोमणा मारला, "ह्यांच्याच पाट्यानं चाची गेल्या ना?" चाचा त्याच्यावर उखडले. "त्येला बोलायचं न्हाई. म्या सांगितलं, त्यानं केलं. चूक माजी हाय." मी चहा संपवला आणि एसटी चुकेल म्हणून उठलो. एसटीला अजून वेळ होता.

ईदच्या दिवशी ते किकवीला जायचे. लेक बाहेर यायची नाही, जावई बसवून घ्यायचा, शिरखुर्मा आतून यायचा. तो खाऊन ते परत यायचे. हे मला त्यांनीच सांगितलं, तक्रार म्हणून नाही. "तिचं बराबर हाय," म्हणायचे. "तिची आई व्हती."

ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. मातीला मी गेलो होतो, मागं उभा होतो.

त्यानंतर एकदा मी किकवीला उतरलो. लेकीचं घर रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे, पुढच्या खोलीत ती शिलाईचं काम करते. दारात उभा राहिलो तर तिनं चष्म्यावरून पाहिलं आणि ओळखलं. "या, बसा. अब्बांच्या गाडीचे मिस्त्री ना तुम्ही?" पाणी दिलं. मी बोलायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "अब्बा तुमचं नाव काढायचे. शेवटीसुद्धा म्हणाले, मिस्त्रीला कुणी काही बोलू नका. मीच त्यांच्याशी नीट बोलले नाही कधी. पण काय करणार, त्यांनी केलंच होतं तसं. जादा माणसं भरायची हाव." मशीनवर कापड तसंच होतं, सुई खाली. तिनं विचारलं, "काही काम होतं का?"

मी म्हटलं, "नाही, इकडं आलो होतो, म्हणून."

चाचांना मी काही देऊ शकत नाही, ती वेळ गेली. त्यांच्या लेकीला देऊ शकतो, आणि दिलेलं नाही. तिच्या बापानं पाटा नको म्हणून सांगितलं होतं, तिच्या आईदेखत सांगितलं होतं, आणि तरी तो मी घातला, आठवत असताना घातला, आणि नंतर सगळं त्यांच्यावर ढकललं. हे मी तिच्या दारात, तिच्या तोंडावर बोलायचं देणं लागतो. आणि तेच प्रतिज्ञापत्रावर लिहून चाचांच्या वकिलांना द्यायचं. ते हयात आहेत. दोन्ही अजून बाकी आहेत.